तारेच्या त्या टोकाला सासरे

सगळ्यात आधी सांगून टाकतो : सासरे सुखरूप आहेत. आत्ता या क्षणी ते पलीकडच्या खोलीत इस्त्रीची वायर गुंडाळत बसले आहेत. हे आधीच सांगायचं कारण म्हणजे, हा किस्सा मी ज्याला ज्याला सांगायला घेतो तो मधेच थांबवून विचारतो, "पण म्हातारबुवा सापडले ना?" आणि मग माझी बाजू ऐकायला कोणी थांबत नाही. (माझी बाजू फारशी नाहीच. पण ऐकून घ्यायला काय जातं?)

माझी बाजू अशी, की मला रेडिओचा नाद आहे. गाणी ऐकायचा नाही. गाणी कोणीही ऐकतं. मला दूरची स्टेशनं पकडायचा नाद आहे. दिवसभर मीडियम वेव्हवर आपली आसपासची दोन-चार स्टेशनंच लागतात. पण सूर्य कलला की वर आकाशात काहीतरी उलथापालथ होते (काय होते ते मी बायकोला अनेकदा समजावलं आहे आणि प्रत्येक वेळी ती झोपली आहे) आणि समुद्रापलीकडची, कुठल्या कुठल्या देशांतली स्टेशनं हळूच कुजबुजायला लागतात. भाषा कळत नाही, बातम्या कळत नाहीत. आपण फक्त जीव मुठीत धरून वाट बघायची. कारण घड्याळात तास भरला की ते स्टेशन आपलं नाव सांगतं. नाव ऐकलं की जिंकलो. नाव हुकलं की सगळी संध्याकाळ पाण्यात.

"म्हणजे फक्त नाव ऐकायचं?" लग्नानंतर बायकोने पहिल्यांदा विचारलं होतं.

"हो."

"आणि मग?"

"मग बंद करायचं."

तिने त्यानंतर या विषयावर काही विचारलेलं नाही.

या नादाला दोन शत्रू. पहिला म्हणजे लोकल स्टेशन. लोकल स्टेशन अगदी शेजारीच असतं, त्यामुळे आवाज मोठा. सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं, पण नेमकं दूरचं काही ऐकू यायला लागलं की हे मधे घुसून त्याला दाबून टाकतं. लोकल स्टेशन या विषयावर मी जेवताना इतक्यांदा तावातावाने बोललो आहे, की घरात सगळ्यांना ते पाठ आहे.

दुसरा शत्रू वीज. फ्रिज, चार्जर, वरच्या मजल्यावरचा टीव्ही, लिफ्ट, सगळ्यांची घरघर त्या बिचाऱ्या कुजबुजीवर येऊन बसते. म्हणून मी संध्याकाळी घरातल्या वस्तू एकेक करून बंद करायचो. एकदा वैतागून मेन स्विचच खाली ओढला. तेव्हा बायको आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर वर्ग घेत होती. ती शाळेत गणित शिकवते. त्या दिवशी एका अख्ख्या वर्गाला वर्गमूळ अर्धंच मिळालं, आणि उरलेलं अर्धं तिने मला दिलं. तेव्हापासून घरात रेडिओला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

तेव्हा मी ठरवलं, यंदाची रजा समुद्रावर काढायची. बस, एवढंच. एवढासा निर्णय. खाऱ्या पाण्यावरून या लहरी कशा लोण्यावरून सुरी फिरल्यासारख्या येतात, आणि किनाऱ्यावर लांबलचक तार अंथरली की काय काय ऐकू येतं, याबद्दल मी आजवर फक्त ऐकत आलो होतो. अर्थात बायकोला हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "तुझ्या बाबांच्या गुडघ्यांना समुद्राची हवा मानवेल."

बायको हातातलं पुस्तक मिटून माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"तुम्हाला बाबांच्या गुडघ्यांची इतकी काळजी आहे, हे मला माहीतच नव्हतं."

(मलाही नव्हतं.) खरं सांगतो, मला लाज वाटली. पण तेवढ्यात तारेचं भेंडोळं बॅगेत मावतं का ते बघायचं होतं, त्यामुळे ती फार वेळ वाटू शकली नाही.

तारेचं भेंडोळं मी सासऱ्यांपासून लपवून नेलं, आणि त्यालाही कारण होतं. सासरे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबांवर चढण्यात आणि तारा ओढण्यात गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला, कान मंदावले, गुडघ्यांनी संप पुकारला, पण हात अजून खात्यातच आहेत. कुठलीही वायर मोकळी पडलेली दिसली की ते ती उचलतात आणि अंगठा आणि कोपर यांच्यामध्ये सफाईने गुंडाळून टाकतात. मिक्सरची वायर, टेबलफॅनची वायर, माझ्या मोबाईलची वायर (मोबाईल तिला लावलेला असताना). एकदा शेजाऱ्यांच्या गच्चीत त्यांनी कपडे वाळत घालायची तार गुंडाळली. कपडे खुर्चीवर नीट घड्या घालून ठेवले होते, फक्त ओले होते. अशा माणसाच्या दृष्टीला तारेचं एवढं मोठं भेंडोळं पडणं बरं नव्हे. मी ते माझ्या उशीच्या अभ्र्यात घालून नेलं आणि प्रवासभर त्यावर मान टेकवून बसलो.

घर मात्र अगदी मनासारखं मिळालं. बैठं, पाठीमागेच समुद्र. पुढच्या भागात मालकीणबाई राहायच्या. त्या हॉटेलांचे पडदे शिवत. मागच्या दोन खोल्या आमच्या. एक आमची, एक सासऱ्यांची. आमच्या खिडकीतून अंगण, फाटक, मग वाळू, आणि दूर वाळूवर पालथी घातलेली एक जुनी होडी दिसायची. सूर्य घरासमोरच्या टेकडीआड जायचा आणि समुद्रावर आधी अंधार उतरायचा. माझ्यासाठी याहून चांगलं काही असूच शकत नव्हतं.

"फिरायला जा, पण होडीच्या पुढे खडकांकडे नका जाऊ," मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. "संध्याकाळी भरती येते. आणि कधी कधी धुकंही येतं. आलं की हाताचं बोट दिसत नाही."

मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष होडीकडे होतं. तार बांधायला अगदी योग्य अंतरावर होती.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी कामाला लागलो. तार खिडकीतून खाली सोडली, अंगणातून फाटकाखालून बाहेर काढली आणि वाळूवरून सरळ होडीपर्यंत नेली. तिथे होडीच्या कडीला बांधली. गाठ मारणं हा माझा प्रांत नाही. एक मारली, ती सुटली, म्हणून तिच्यावर दुसरी मारली, आणि भरवसा वाटेपर्यंत मारत राहिलो. घरी येऊन दुसरं टोक रेडिओला जोडलं आणि सुटून येऊ नये म्हणून रेडिओच्या मुठीलाही तशीच भरवशाची गाठ मारली. शेजारी मोबाईल ठेवला. माझ्या जुन्या रेडिओचं रेकॉर्डिंग करायचं तर मोबाईल स्पीकरपाशी टेकवून चालू ठेवायचा, एवढीच सोय आहे. स्टेशनचं नाव ऐकून ऐकून आपल्याला भास झाला नाही ना, याचा तेवढाच पुरावा.

सूर्य टेकडीआड गेला. मी दार लावून घेतलं, मोबाईल चालू केला, रेडिओ लावला.

घर्रर्रर्र.

एवढी यातायात करून इथे येऊनही घर्रर्र? मी कान भिंतीला लावला. घरघर पलीकडून, सासऱ्यांच्या खोलीतून येत होती. जाऊन बघतो तर सासरे पलंगावर पाय पसरून बसलेले, आणि गुडघ्याला विजेवर चालणारा मसाजचा पट्टा. आम्हीच तो त्यांच्या वाढदिवसाला दिला होता. (निवड माझी.)

"बाबा, बाहेर हवा काय सुंदर पडलीय!" मी म्हणालो.

"काय?"

"हवा! सुंदर! फिरून या जरा!"

"गुडघे दुखताहेत, जावईबापू."

"म्हणूनच! वाळूत चाललं की गुडघे मोकळे होतात. डॉक्टर सांगतात."

"कुठले डॉक्टर?"

"सगळेच."

सासऱ्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग पट्टा काढला, त्याची वायर नीट गुंडाळून पलंगावर ठेवली, काठी घेतली. मागच्या दाराने ते बाहेर पडले तेव्हा मी त्यांना टोपीसुद्धा आणून दिली. किती काळजी होती मला त्यांची!

परत येऊन बसलो. घरघर थांबली होती. आता फक्त मालकीणबाईंच्या शिवणयंत्राची मोटर मधूनमधून टर्रर्र करायची. आणि त्या टर्रर्रच्या मधल्या फटींतून मला ते ऐकू आलं. ऑर्केस्ट्रा. लांब, खोल विहिरीतून आल्यासारखा, वर येत होता, बुडत होता, पुन्हा वर येत होता. मग एक बाई बोलायला लागली. भाषा अशी, की जन्मात कधी कानावर पडली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. अख्खा समुद्र ओलांडून ती बाई थेट माझ्या खिडकीत आली होती. घड्याळ पाहिलं तर तास भरतच आला होता. आता ती नाव सांगणार!

पीप, पीप, पीप, असे ठोके सुरू झाले आणि दार उघडलं.

"अहो, बाबा कुठायत?"

इथे थांबून वाचकांनी माझ्या जागी स्वतःला उभं करावं. "फिरायला गेलेत" म्हटलं असतं तर "एकटे? ते गुडघे घेऊन? या वेळेला? आणि तुम्ही जाऊ दिलंत?" इथपासून सुरुवात झाली असती, आणि मला उठावं लागलं असतं. ती बाई पलीकडे श्वास घेत होती. मी जे तोंडाला आलं ते बोललो.

"झोपलेत गं! गाढ झोपलेत! घोरताहेत!"

"आत्ता? बरं नाहीये का त्यांना?"

"उत्तम आहे. हवेने झोप लागली. दार उघडू नकोस, वाजतं ते."

बायको पाऊल न वाजवता निघून गेली. रेडिओतल्या बाईचं नाव सांगून झालं होतं. ऑर्केस्ट्रा पुन्हा सुरू झाला होता. पण मला दुःख नव्हतं, कारण मोबाईल चालू होता. नाव सुटलं नव्हतं, डब्यात बंद होतं.

आणि मग काय झालं, तर घरात शांतता पसरली. अशी शांतता मी लग्नापासून अनुभवली नव्हती. बायकोने मालकीणबाईंना जाऊन सांगितलं की बाबांना किती दिवसांनी अशी झोप लागलीय, आणि त्या माउलीने उद्या द्यायचे पडदे बाजूला ठेवून मोटर बंद केली. पंप बंद. पंखा बंद. दोघी स्वयंपाकघरात खुणांनी बोलत होत्या. एका रिकाम्या खोलीसाठी अख्खं घर चवड्यावर चालत होतं, आणि माझ्या रेडिओत ऑर्केस्ट्रातला एकेक माणूस वेगळा ओळखू येत होता.

तासभर तरी मी त्या सुखात डोळे मिटून बसलो असेन. मग ऑर्केस्ट्रा जरा मंद वाटायला लागला म्हणून डोळे उघडले. समोर खिडकी पांढरी होती.

मला वाटलं, कोणी बाहेरून चादर वाळत घातली. जवळ गेलो. चादर नव्हती, धुकं होतं. होडी नव्हती. समुद्र नव्हता. फाटकही नव्हतं. आणि कुठेतरी त्या पांढऱ्यात, भरतीच्या वेळी, एक डोळा, दोन दुखरे गुडघे आणि मंद कान घेऊन माझे सासरे होते.

माझं धाबं दणाणलं. त्यांच्या खोलीत डोकावलो. वाटलं, कदाचित आले असतील. पलंगावर फक्त पट्टा होता, वायर गुंडाळलेला. मी टॉर्च घेतला आणि मागच्या दाराकडे निघालो.

"शूऽऽ!" बायको स्वयंपाकघरातून कुजबुजली. "पाय वाजवू नका. कुठे निघालात?"

"जरा हवा खायला," मीही कुजबुजलो.

"धुक्यात?"

"धुक्यातली वेगळी असते."

अंगणात आलो आणि हाका मारायला लागलो. आता अडचण अशी, की मोठ्याने हाक मारावी तर बायकोला ऐकू जाणार. तेव्हा मी हाका कुजबुजत मारत होतो. ज्या माणसाला समोर उभं राहून ओरडलं तरी "काय?" म्हणायची सवय आहे, त्या माणसाला मी धुक्यात, लाटांच्या आवाजात, "बाबा... ओ बाबा..." असा कुजबुजून बोलावत होतो. टॉर्चचा उजेड धुक्यात दोन हात जाऊन थांबायचा. तेवढ्यात समोर एक पांढरी आकृती हलली. "बाबा!" म्हणून मी तिला कडकडून मिठी मारली. तो मालकीणबाईंचा पडदा होता, धुऊन वाळत घातलेला. त्याच्यासकट पडलो, उठलो, त्यातून बाहेर पडलो, जिकडे फाटक असावं असं वाटलं तिकडे हात पुढे करून चालत गेलो आणि एका दारावर आपटलो. दार उघडलं. आत बायको उभी होती.

"बाहेर कुणाला बाबा बाबा करताय?"

मी उभा राहिलो, अंगावर ओला पडदा. आणखी एक थाप सुचते का ते पाहिलं. नाही सुचली. मग सगळं सांगून टाकलं. पट्टा, घरघर, टोपी, झोप, सगळं.

मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं. ती बाबांच्या खोलीत गेली, तो पलंग पाहिला, त्यावरचा पट्टा हातात घेतला आणि तशीच उभी राहिली.

"अहो, त्यांना संध्याकाळचं दिसत नाही हो," ती म्हणाली. एवढंच. आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

त्या क्षणी मला जे वाटलं ते विनोदी कथेत लिहायचं नसतं, पण लिहितो. मला भीती वाटली. खरी भीती. हा माणूस माझ्या घरी आला की आधी माझ्या सायकलीच्या चाकात हवा भरतो. मला त्याने कधी एक उणा शब्द ऐकवलेला नाही. आणि मी त्याला एका घरघरीसाठी घराबाहेर काढलं. मनात म्हटलं, हे सुखरूप परत येऊ देत, मी हा रेडिओ समुद्रात फेकून देतो.

बायको टॉर्च हिसकावून निघालीच होती, पण मालकीणबाईंनी तिला धरलं. "बाई, तुम्हीही हरवलात तर आम्ही कितीजणांना शोधायचं? माझा भाऊ होडीवाला आहे, त्याला बोलावते. त्याला इथली वाळू न् वाळू पाठ आहे." त्यांनी फोन लावला. भाऊ कंदील आणि दोन माणसं घेऊन निघाला. तोवर समुद्राकडे उघडणारी खिडकी आमच्याच खोलीची, म्हणून आम्ही तिघं तिथे गोळा झालो. मी टेबलावरचा दिवा उचलून खिडकीत धरून उभा राहिलो, आणि बायकोने वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावी तशी हाक मारली. "बाऽऽबा!"

उत्तर नाही. फक्त लाटा, आणि मागे रेडिओ. तो बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ऑर्केस्ट्रा आता अगदी बारीक झाला होता, जणू पाण्यात बुडत चाललाय. आणि (काय सांगू, हात माझा पण सवय त्याची) माझा मोकळा हात आवाज वाढवायला बटणाकडे गेला. बायकोने नुसतं पाहिलं. मी हात मागे घेतला.

"बाऽऽबा!" बायकोने पुन्हा हाक मारली.

आणि रेडिओ हलला.

मला वाटलं, माझे डोळे. पण मालकीणबाईंनाही दिसलं असावं, कारण त्यांनी माझा दंड पकडला. रेडिओने टेबलावर जागच्या जागी अर्धी गिरकी घेतली, थांबला, विचार केला, आणि मग शांतपणे खिडकीकडे चालायला लागला. वाटेतला माझा चहाचा कप त्याने पाडला. टेबलाच्या कडेला येऊन त्याने खिडकीच्या चौकटीवर उडी मारली. मालकीणबाईंनी जी किंकाळी फोडली, ती त्या दूरच्या स्टेशनलाही ऐकू गेली असेल. रेडिओ गजांना जाऊन धडकला आणि तिथेच अडकून थरथरत राहिला. गज होते म्हणून, नाहीतर माझा नवस त्याने आपणहून फेडला असता.

मग धुक्यातून आवाज आला. खणखणीत, वैतागलेला, खात्यातला.

"कोण धरून ठेवलंय रे तिकडून? सोडा की!"

माझा जीव भांड्यात पडला. बायको तर हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं, बहुतेक दोन्ही. ती धावत बाहेर गेली, मागोमाग आम्ही. फाटकापाशी धुक्यातून आधी काठी आली, मग टोपी, आणि मग सासरे. खांद्यावर माझी जवळजवळ अख्खी तार. इतकी सुबक, एकसारखी गुंडाळलेली, की दुकानात नवी असतानाही ती अशी दिसत नव्हती. फाटकाखालून खिडकीकडे गेलेला शेवटचा तुकडा ते अजून ओढतच होते.

बायकोने त्यांना मिठी मारली. सासरे तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होते.

"होडीला ती गाठ कुणी मारली?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"आमच्या खात्यात अशी गाठ मारणाऱ्याला खांबाला टेकूनसुद्धा उभं राहू देत नसत, जावईबापू. सोडवता सोडवता नखं गेली माझी."

"बाबा, धुक्यात हरवला असतात म्हणजे?" बायको डोळे पुसत म्हणाली. "आमचा इथे जीव चाललाय!"

"काय?"

"हरवला असतात तर!"

"हरवतोय कशाला?" सासऱ्यांना खरंच कळेना. ते होडीवर टेकले होते, धुकं आलं, काही दिसेना, पण हाताला ती गाठ लागली. मग गाठ सोडवल्यावर तार तशीच कशी टाकणार? गुंडाळत गुंडाळत आले. "तार हातात असताना माणूस हरवत नाही, पोरी. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी माणूस असतोच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "निदान आमच्या वेळी असायचा."

तेवढ्यात मालकीणबाईंचा भाऊ कंदील घेऊन पोचला. त्याला वाटलं, हरवलेला माणूस मी आहे, कारण पडदा अजून माझ्याच अंगावर होता. त्याने मला खांद्याला धरून घरात आणलं आणि खुर्चीत बसवलं.

मग चहा झाला. मालकीणबाईंनी त्यात साखर जरा जास्तच घातली, पण कोणी तक्रार केली नाही. सासऱ्यांचे पाय गरम पाण्यात, गुडघ्याला पट्टा, पट्ट्याची मजेत घरघर. घरातली विजेवरची प्रत्येक वस्तू चालू होती, आणि मला जन्मात पहिल्यांदा त्या आवाजाचा राग आला नाही. उलट इतकं बरं वाटत होतं, की मी उठून पंखाही लावला. बायको माझ्याशी बोलत नव्हती, पण मला चहा दिला होता. यावरून मी मनाशी काही हिशेब बांधला आणि जरा सैल होऊन बसलो.

"एवढी तार कशाला टाकली होती पण?" सासऱ्यांनी विचारलं.

मी जपून जपून सांगितलं. समुद्र, लांबचं स्टेशन, ती बाई, तिचं नाव. मला वाटलं, आता तेही झोपतील. पण सासरे कपबशी ठेवून पुढे सरकले. हजारो मैलांवरचा आवाज तारेवरून आणायचा म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला.

"मग आलं का नाव?"

"आलं म्हणजे... रेकॉर्ड झालंय," मी म्हणालो.

"अहो मग लावा की!"

मी बायकोकडे पाहिलं. तिनेच जाऊन टेबलावरून मोबाईल आणला. तो बिचारा अजून रेकॉर्ड करतच होता. "लावा," ती म्हणाली. "एवढं रामायण घडलं ज्याच्यासाठी, ते आम्हालाही ऐकू द्या." तिच्या आवाजात राग उरला नव्हता. मला भरून आलं. वाटलं, आता या सगळ्यांनाच गोडी लागेल. उद्या सासरे तार अंथरतील, बायको घड्याळ बघेल, मालकीणबाई मोटर बंद ठेवतील.

सगळे मोबाईलभोवती वाकले. मालकीणबाईंच्या भावानेही कंदील बारीक केला. मी रेकॉर्डिंग त्या जागेपर्यंत पुढे नेलं. ऑर्केस्ट्रा आला, विहिरीतून आल्यासारखा. ती बाई आली. सासऱ्यांनी कानामागे हात धरला आणि त्यांचे डोळे चमकले. मग ते ठोके. पीप. पीप. पीप. कोणी श्वास घेईना. समुद्रापलीकडे ती बाई नाव सांगायला तोंड उघडते आहे, हे स्वच्छ ऐकू आलं, आणि त्याच क्षणी खोलीभर आवाज घुमला :

"झोपलेत गं! गाढ झोपलेत! घोरताहेत!"

आणि मग पुन्हा ऑर्केस्ट्रा.

भाऊ कंदिलाच्या वातीकडे बघत बसला.

"वा!" सासरे म्हणाले. त्यांना शब्द लागले नव्हते, पण त्यांचा चेहरा खुलला होता. "काय खणखणीत आलंय! आवाज अगदी ओळखीचा वाटतोय. कुठलं गं हे स्टेशन?"

बायकोने माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला, बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोकल आहे, बाबा."